दिवे लागल्यावर मागितलेलं विरजण

मावशी,

परवा नातीच्या शाळेत एक सभा झाली. मुलांना घरी मारझोड होऊ नये, होत असेल तर शेजारपाजारच्यांनी काय करावं, हे सांगायला एक तरुण मुलगी आली होती. चांगली बोलली, अगदी पोटतिडकीने. मला तिने पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं, कारण म्हाताऱ्या माणसांना कुठेतरी बसवावंच लागतं. बोलता बोलता ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, तुमच्या काळी तर असं काहीच नसेल ना? घरातलं घरातच राहायचं." मी मान हलवली. त्या मानेचा अर्थ हो की नाही, ते तिने तिला सोयीचं पडेल तसं घेतलं. रिक्षातून घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात तिच्याशी कडाकडा भांडत होते, आणि घरी येऊन हातपाय धुतल्यावर लक्षात आलं की मला भांडायचं तिच्याशी नव्हतंच, बोलायचं होतं ते तुझ्याशी. तुला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुझ्या फोटोतलं कुंकूही उडत चाललंय. तरी हे बोलायचं राहिलंच होतं.

तू आलीस तेव्हा आमची आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. निजामाचं राज्य होतं, आण्णा जालन्याच्या जिनिंगमध्ये कारकून होते, आणि आपलं घर मस्तगडाच्या मागच्या गल्लीत, माळवदाचं, दोन्ही बाजूंच्या घरांना भिंतीने चिकटलेलं. तुझं वय सोळा-सतरा असेल. माझी धाकटी नात आज तेवढी आहे आणि तिला स्वतःचा चहासुद्धा करून घेता येत नाही. कुंभार पिंपळगावहून तुला दुसरेपणावर दिली तेव्हा तुझ्या माहेरी सांगितलं होतं की घरात एक लहान मुलगी आहे. मुलगा पण आहे, हे सांगायचं मधल्या माणसाकडून राहून गेलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आमचा भाऊ आत्याच्या घरून परत आला आणि तुझ्या पदराला हात पुसून गेला. तुझा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते मला अजून आठवतं. तुला आई म्हणायला माझी जीभ वळेना, म्हणून आण्णा म्हणाले, "मावशी म्हण." ते नाव मग सगळ्या गल्लीने उचललं. वर्षाच्या आत तुला स्वतःचं बाळ झालं, तेही रडकं. दिवसा झोपायचं, आणि दिवेलागण झाली की आभाळ डोक्यावर घ्यायचं.

मार सुरू झाला तो त्याच सुमारास. आता एवढ्या वर्षांनी मी ते गोड करून लिहिणार नाही, तुलाही ते आवडणार नाही. आधी चापट होती, मग फुंकणी आली. मी द्वाड होते हे खरं आहे, सांगितलेलं ऐकायचे नाही आणि उलट उत्तर ओठांवर तयार असायचं. पण जिला तापल्या उलथन्याचा डाग द्यावा इतकी द्वाड मुलगी जगात जन्मायची आहे. तो डाग तू दिलास तेव्हा बाळ ओरडत होतं, चुलीत ओली लाकडं होती, घरभर धूर होता, आणि मी भाकरी करपली म्हणून हसले होते. कोपराच्या खाली, उजव्या हातावर. दिल्यावर तू स्वतःच माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडलीस. मग तूच पिठाचं पाणी आणून त्यावर ओतलंस. मी रडत होते, पण तुझ्याकडे बघून मला जास्त भीती वाटली, कारण घरात ज्या एका मोठ्या माणसाने शहाणं असायला हवं होतं, तेच भेदरून गेलं होतं.

आपल्या भिंती अशा होत्या की पलीकडच्या घरात कोणी खोकलं तरी इकडे कळायचं. तेव्हा माझं रडणं गल्लीला कळत नव्हतं असं नाही. आण्णांना तेवढं कळत नव्हतं, कारण जिनिंगच्या कामातून ते उशिराच यायचे आणि आल्यावर तू आणि मी दोघीही गप्प असायचो. गल्लीतल्या बायकांचा पेच मला फार पुढे, मी स्वतः संसाराला लागल्यावर समजला. आण्णांना सांगावं, तर ते तुला माहेरी नेऊन सोडणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचा राग एकदम असाच होता, आणि गल्लीतल्या एका घरातून तशी एक सून आधीच माहेरी जाऊन पडली होती. न सांगावं, तर मी मार खात राहणार. एकीला वाचवायचं म्हणजे दुसरीला बुडवायचं, असा तो मामला होता. या पेचातून त्या अडाणी म्हणवणाऱ्या बायकांनी जी वाट काढली, ती आठवली की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

सुरुवात कासारआत्याने केली. आपल्या भिंतीपलीकडची, घरचा बांगड्यांचा धंदा, गल्लीतल्या झाडून सगळ्या बायकांचे हात तिला तोंडपाठ. श्रावण लागायच्या आधी ती बांगड्या भरायला आपल्या ओसरीवर बसली. आधी माझा हात घेतला. पोलक्याची बाही वर सारली आणि डाग दिसल्यावर तिची बोटं थांबली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. हिरव्या बांगड्या हळूच चढवल्या, डागाला धक्का लागू न देता, आणि म्हणाली, "आता मावशीचा हात आन." तू नको नको म्हणत होतीस. तिने तुझा हात ओढून घेतला, बाही वर केली, आणि पुन्हा तिची बोटं थांबली. तुझ्या हातावर, कोपराच्या खाली, जवळजवळ त्याच जागी, जुना पांढरा पडलेला डाग होता. मी तो आधी कधी पाहिला नव्हता. तिने तुला विचारलं, "कोनी?" तू म्हणालीस, "मायनं." तुझ्या बांगड्या भरून झाल्यावर तिने प्रथेप्रमाणे एक जास्तीची घातली, पेटी बांधली आणि गेली.

त्यानंतर काही दिवसांनी, संध्याकाळी, दिवा लागलेला, बाळाने सूर धरलेला, आणि तू माझी वेणी धरून मला न्हाणीकडे ओढत होतीस. दारात कासारआत्या उभी, हातात वाटी. "मावशे, जरासं विरजण दे गं. मांजरानं मपलं दही समदं सांडून टाकलं." तू वेणी सोडलीस. सोडून तशीच उभी राहिलीस, कारण दिवे लागल्यावर दूध, दही, मीठ घराबाहेर देत नाहीत हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि कासारआत्यासारखी सोवळ्याओवळ्याची बाई ते विसरेल यावर कोण विश्वास ठेवणार? तू चाचरत म्हणालीस, "आत्या, दिवा लागला ना. आता कसं देऊ? घरची लक्ष्मी जाते म्हन्तेत."

"अगं बया, खरंच की," कासारआत्या म्हणाली. "मंग नको देऊ. सकाळी दे. तवर बसते मी."

आणि ती बसली! उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून, पाय पसरून. वाटी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "आन तं ते लेकरू हिकडं." बाळाला तिने मांडीवर पालथं घातलं, पाठीवर थोपटत राहिली, आणि ते कार्टं गप्प झालं. तू भाकऱ्या केल्यास. मला आणि भावाला तिने जेवायला बसवलं. आण्णांच्या पावलांचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा ती उठली. "वाटी राहू दे हितंच. सकाळी नेते," म्हणाली आणि भिंतीपलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांची बायको आली, वाटी घेऊन, त्याच वेळेला. तिसऱ्या दिवशी तेलीणबाई. तिच्या घरी दोन म्हशी होत्या, दह्याची गाडगी उतू जात होती, तरी तिला विरजण हवं होतं. समोरच्या घरातली खालाही आली. ती आपल्याकडे कधी उंबऱ्याच्या आत येत नसे, त्या दिवशी पायरीवर बसली आणि बाळाशी दखनीत गप्पा मारत राहिली. प्रत्येक जण तीच चूक करायची, तुझ्याकडून तेच उत्तर घ्यायची आणि सकाळ होईपर्यंत बसते म्हणायची. फडताळात परक्यांच्या वाट्यांची रांग लागली. आण्णांनी एकदा विचारलं, "या कोणाच्या वाट्या?" तू म्हणालीस, "विरजणाच्या." ते म्हणाले, "गल्लीत कोणाकडे दहीच लागत नाही का?" आणि जेवू लागले. पुरुषांना स्वयंपाकघरातलं कळत नाही, याचा फायदा बायकांनी युगानुयुगं करून घेतला असेल, पण इतका चांगला क्वचितच.

बसून त्या नुसत्या राखण करत नव्हत्या. कोणी डाळ निवडून द्यायची, कोणी भावाचं डोकं विंचरायची. मास्तरांच्या बायकोने मला दुपारची आपल्याकडे नेऊन अक्षरं गिरवायला बसवलं. मला शाळेची गोडी लागली ती तिथेच. दुपारी तेलीणबाईची सून बाळ घेऊन जायची आणि तुला म्हणायची, "झोप जरा." पहिल्यांदा तू झोपलीस तेव्हा मी दाराशी उभी राहून पाहिलं. झोपेत तू कोणाची आई दिसत नव्हतीस, मावशीही नव्हतीस, पाय पोटाशी घेतलेली एक मोठी मुलगी होतीस. मला तेव्हा तुझी दया आली नाही, मी आठ वर्षांची होते आणि माझा हात ठणकत होता. आश्चर्य मात्र वाटलं.

पण तू काही खुळी नव्हतीस. आठवडा-पंधरवड्यात तुला सगळं उमगलं आणि एका संध्याकाळी तू कासारआत्यावर उसळलीस. "माझ्या घरावर पहारा ठिवला का तुमी? माझी लेकरं हायेत. मी मारीन न्हाईतर काय बी करीन!"

कासारआत्या जागची हलली नाही. "ठिवलाय," ती म्हणाली. "पोरीवर न्हाई ठिवला, तुह्यावर ठिवलाय. मार पोरीला बसून राह्यला, पन बुडून तू राह्यली. तुला कोनी बोललं का? तुह्या नवऱ्याला कोनी सांगितलं का? न्हाई ना? पन एक ध्यानात ठेव. डाग पुन्यांदा दिसला, तं मी सोता जिनिंगवर जाऊन सांगते. मंग तुह्या रडन्याचं मी बिलकुल ऐकनार न्हाई."

तू खाली बसलीस. "माझा हात उठतो तव्हा मला कळतच न्हाई, आत्या," तू म्हणालीस. "झाल्यावर कळतं." हे वाक्य मी चुलीपाशी बसून ऐकलं. तोवर मला वाटत होतं की मोठी माणसं ठरवून मारतात.

आणि मग तो राजूरच्या अंगारकीचा दिवस. मावशी, खरं तर या एका दिवसासाठी मी हे लिहायला बसले आहे. गणपतीच्या दर्शनाला गल्लीतल्या जवळजवळ साऱ्या बायका बैलगाड्या करून पहाटेच गेल्या होत्या. बाळाला ताप म्हणून आपण राहिलो. संध्याकाळ झाली तरी गाड्या परतल्या नाहीत. गल्ली इतकी शांत की स्वतःच्या घराचीच भीती वाटावी. तू दिवा लावतेस. बाळ रडायला लागतं. आण्णा यायला खूप वेळ आहे. मी चुलीवरचं दूध उतरवायला जाते, कारण तू सांगितलेलं असतं, आणि फडकं हातातून सटकतं. पातेलं उलटतं. सगळं दूध चुलीत जातं, जाळ विझतो, राखेचा लोट उठतो. बाळाच्या औषधापुरतं तेवढंच दूध घरात असतं.

तू उठतेस. तुझ्या हातात फुंकणी आहे. मी मागे सरकत कोपऱ्यात जाते आणि सवयीने दाराकडे पाहते. त्याच क्षणी तूही दाराकडे पाहतेस. आपण दोघी एकदमच पाहतो. दारात कोणी नाही. रस्ता मोकळा आहे, वाटी घेऊन कोणीही येत नाहीये, आज कोणी येणारही नाही. फुंकणी तुझ्या हातात वर आहे. मला तुझ्या श्वासाचा आवाज ऐकू येतो.

मग तू फुंकणी खाली ठेवलीस. टाकली नाहीस, ठेवलीस, चुलीच्या कडेला, रोजच्या जागी. फडताळातून एक वाटी घेतलीस. बाळाला कडेवर घेतलंस, भावाचं बोट धरलंस आणि मला म्हणालीस, "चल." मी येईना, तर पुन्हा म्हणालीस, "चल ना गं." दार उघडं टाकून, डोक्यावरचा पदर घसरलेला, तू गल्ली ओलांडलीस आणि खालाच्या दारात जाऊन उभी राहिलीस. ज्या घरचं पाणीही आपल्याकडे चालत नव्हतं, त्या घराच्या दारात.

"खाला, विरजण द्या."

खाला कंदिलाची काच पुसत होती. तिने तुझ्या हातातल्या वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, माझ्या अंगावरच्या राखेकडे. "चिरागां लग गए ना, माँ," ती सावकाश म्हणाली.

"मालूम हाय," तू म्हणालीस. "मंग सकाळी द्या. तवर मी बसते हितं."

खालाने कंदील खाली ठेवला. "बैठ," ती म्हणाली. "अंदर आ के बैठ. बच्चे कू इधर दे." तिने चटई अंथरली. तू आत गेलीस आणि बसलीस. वाटी मांडीत धरून ठेवलीस. खालाने बाळाला बकरीचं दूध पाजलं आणि आम्हा दोघांच्या हातावर गूळ ठेवला. गाड्या परत आल्यावर कासारआत्या तू उघडं टाकलेलं दार बघून घाबरली आणि शोधत तिथे आली. तुला चटईवर वाटी घेऊन बसलेली पाहून ती उंबऱ्यावरच थांबली. तिच्या कपाळाला राजूरचा शेंदूर होता. तिने दोन्ही हात जोडले, आणि ते गणपतीला नव्हते.

मी जन्मभर शाळेत शिकवलं, पुस्तकं वाचली, भाषणं ऐकली. मोठमोठ्या माणसांच्या धैर्याच्या गोष्टी मुलांना सांगितल्या. पण सांगू का, त्यातल्या कोणाहीपुढे माझी मान तुझ्यापुढे लवते तशी लवली नाही. मारणारा हात धरायला शेजारी धावून येतात, हे मोठंच आहे. पण ज्याचा हात, त्यानेच उठून शेजाऱ्याच्या दारात जावं आणि माझा हात धरा म्हणावं, तेही लाज बाजूला ठेवून, तेही सतराव्या-अठराव्या वर्षी, हे मी पुन्हा कुठे पाहिलं नाही. त्या बायकांनी तुझ्यासाठी एक वाट काढली होती, आणि त्या वाटेने तू उलट्या दिशेने चालत गेलीस. हे तुला कोणी शिकवलं नव्हतं.

त्यानंतर तू मला कधीच मारलं नाहीस असं लिहिलं, तर तू वरून हसशील. दोन-चार चापट्या मी खाल्ल्याच, आणि त्यातली एक तर मला मान्य आहे. पण फुंकणी चुलीपुरती राहिली आणि उलथनं तव्यापुरतं. वाट्या हळूहळू ज्याच्या त्याच्या घरी गेल्या. पुढे गल्लीच्या टोकाच्या घरात एक माणूस पोराला पट्ट्याने मारायचा. संध्याकाळी तिकडून आवाज आला की तू पीठ मळायची थांबायचीस, हात धुवायचीस आणि वाटी उचलायचीस. आण्णा म्हणायचे, "आता कुठे?" "विरजणाला," तू सांगायचीस. "आज मपली पाळी हाय." तो माणूस भांडकुदळ, एकदा तुझ्या अंगावर धावून आला. तू म्हणे त्याच्या दारात मांडी घालून बसलीस आणि म्हणालीस, "सकाळपर्यंत हाय मी हितंच, दादा. तुमचं चालू द्या." त्याचं चाललं नाही. त्या सभेतल्या मुलीला हे सांगायला हवं होतं. पण सुरुवात कुठून करणार होते? माझ्या हाताच्या बाहीपासून करावी लागली असती.

एक गोष्ट मात्र मार थांबल्यावरही राहिली. तू फळीवरून काही काढायला हात वर केलास, की माझी मान आपोआप खांद्यात जायची. मी मुद्दाम करत नव्हते. तू ते एकदा पाहिलंस, डबा हातात तसाच धरून. त्यावर तू रडली नाहीस, मला जवळही घेतलं नाहीस. दुसऱ्या दिवसापासून मात्र हात वर करायच्या आधी सांगायला लागलीस. "डबा काढून राह्यले गं." "खुंटीवरचं लुगडं घेऊन राह्यले." "जाळं काढून राह्यले, बस तू." साधा आवाज, भाजीत मीठ घातलं असं सांगावं तसा. भावाला कधी सांगितलं नाहीस, स्वतःच्या पोराला नाही, फक्त मला. माझं लग्न झालं, मी लेकरं घेऊन माहेरी यायला लागले, तरी तुझं चालूच. माझी मुलं हसायची, म्हणायची, आजी म्हणजे आकाशवाणी आहे. तू त्यांना कारण सांगितलं नाहीस आणि मीही नाही. अगदी शेवटी, तू अंथरुणाला खिळलीस, तेव्हा माझेही केस पिकायला लागले होते. मी तुझ्या उशाशी बसले होते. तुला माझ्या गालाला हात लावायचा होता. हात उचलायलाही तुला वेळ लागत होता, तरी आधी ओठ हलले. "हात लावून राह्यले गं," तू म्हणालीस, आणि मग लावलास.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. माझं ते दचकणं लग्नाआधीच गेलं होतं, मावशी. तुला मी कळू दिलं नाही. कळलं असतं, तर तू सांगायची थांबली असतीस.